ताईची गादी आणि माझी वही

रविवार. भाऊबीज गुरुवारी झाली. पहाटे थोडा गारवा, दहानंतर कडक ऊन, वारा अजिबात नाही.

हवामान लिहून झालं. आता पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो. या दिवाळीत मी जी माती खाल्ली ना, ती खाताना माझ्या हातात पुरावा होता. लेखी पुरावा! तारीखवार!

मी रोज वही लिहितो. अंबरनाथला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, तेव्हा आलं-गेलं नोंदवायची सवय हाताला आहे. गॅसचा सिलिंडर कधी लावला, आम्ही राहतो त्या कात्रपला पाणी किती वाजता आलं, बायको कोणत्या दिवशी "मला काही झालेलं नाही" असं म्हणाली, सगळं लिहिलेलं असतं. वही उशाखाली. सकाळी डोळा उघडला की आधी वही, मग चहा.

जुनी वही भरली म्हणून सप्टेंबरात उल्हासनगरला गेलो. कॅम्प तीनच्या एका रद्दीच्या दुकानात मला खजिनाच सापडला. जाडजूड, कापडी पाठीची, दोऱ्याने शिवलेली, आणि कोरी!

"घ्या साईं," सिंधी दुकानदार म्हणाला, "गोदामात कोपऱ्यात पडून होती. असा माल आता बनत नाही."

शेअर रिक्षात मी ती मांडीवर घेऊन बसलो. तान्ह्या बाळासारखी.

त्याच आठवड्यात ताई आमच्याकडे राहायला आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. अंबरनाथला मुलाकडे, महेशकडे असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, घरी नातवंडांचा धुडगूस, म्हणून विश्रांतीला भावाकडे. डोळ्यांवर काळा चष्मा आणि मागून टेम्पोत तिची कापसाची गादी. भावजींनी हौसेने भरून घेतलेली. ते गेल्यापासून ती दुसऱ्या गादीवर झोपत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मनगटावर तीन लाल फोड. एका ओळीत, पट्टीने आखून द्यावेत तसे.

"ढेकूण!" मी ओरडलो.

"हळू बोला," सुनंदा म्हणाली. सुनंदा माझी बायको. "आपल्याकडे कधी ढेकूण झालेत का?"

तेच तर! मग घरात नवीन काय आलं? सांगा ना तुम्हीच, नवीन काय आलं? मी ताईच्या खोलीकडे बघितलं. सुनंदाने माझ्याकडे बघितलं.

"अहो, ताईंना काही बोलू नका हं."

नाही बोललो. फक्त लिहिलं. तक्ता आखला: वार, जागा, फोडांची संख्या, खाज सौम्य की तीव्र. आठवड्यात माझे एकेचाळीस झाले, सुनंदाचे तीन. ताईचा एकही नाही. आता शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी काय लिहिलं? "ताईला सवय झाली असावी."

रविवारी गादी गच्चीवर नेली. ताईला म्हटलं, ऊन दाखवतो, कापूस फुलेल. वर काठीने धोपटत होतो, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे सावंत वाळत घातलेले पापड बघायला आले.

"काय हो दिनकरराव, ढेकूण झाले वाटतं?"

आणि मी बिल्डिंगची अब्रू वाचवायला, चांगलं ठणठणीत आवाजात म्हणालो, "आमचे नाहीत! पाहुण्या गादीतून आलेत!"

मागे बघतो तर गच्चीच्या दारात ताई. काळा चष्मा, हाताला धरून सुनंदा. ताई माझ्यासाठी सरबत घेऊन आली होती.

ती तशीच वळली हो! खाली जाऊन म्हणाली, "सुनंदा, महेशला फोन लाव. टेम्पो घेऊन ये म्हणावं. गादीला आणि मला, दोघींना घेऊन जा."

"ताई, अगं मी तसं..."

"दिन्या, तू लहानपणी खरूज आणली होतीस शाळेतून. घरातल्या सगळ्यांना झाली. तुला कुणी गच्चीवर नाही धोपटला."

गेली. त्यानंतर फोन नाही. माझा उचलायचीही नाही. भाऊबीज पंधरा दिवसांवर. पन्नास वर्षांत आमची एक भाऊबीज चुकलेली नाही, आणि यंदा "ये" म्हणून निरोप नाही.

मग मी काय करावं? माफी मागावी? छे! मी पुरावा पक्का करायला घेतला.

फवारणीवाला बोलावला. तो पलंगाखाली टॉर्च घेऊन आडवा, आणि मी त्याच्या डोक्यावर वही धरून नोंदी वाचतोय.

"काका, हे शिवणीत बसतात, फटीत बसतात," तो म्हणाला. "मोठा आजार देत नाहीत, पण झोप घालवतात. पलंगात तर काही दिसत नाही. ती वही जरा बाजूला घ्या, उजेड अडतोय."

मी वही बाजूला घेतली. काखेत.

फवारणी झाली तरी चावे चालूच.

"आता तर गादीपण नाही घरात," सुनंदा म्हणाली.

"अंडी!" मी म्हणालो. "अंडी ठेवून गेली."

"कोण, ताई?"

सावंतांना माझा तक्ता फार आवडला. दोन दिवस वही वाचायला घेऊन गेले. ते दोन दिवस मला जेमतेम एक चावा. लगेच लिहायचं होतं, "फवारणीला यश," पण वहीच नव्हती. तिसऱ्या दिवशी सावंत वही परत द्यायला आले ते मान खाजवत.

"अहो, आमच्याकडेपण झाले की!"

माझं डोकं किती तल्लख बघा. मी म्हणालो, "बरोबर! गादी उतरवताना जिन्यात तुमच्या दाराला घासली होती!"

सुनंदा आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. तीही नोंद आहे.

भाऊबीजेला शेवटी न बोलावता गेलो. सुनंदा वाटेत एवढंच म्हणाली, "वही घरी ठेवा." मी पिशवीत घेतली. म्हटलं, तक्ता दाखवला की ताईला पटेल, माझा राग माणसावर नव्हता, गादीवर होता.

ताईने दार उघडलं. काळा चष्मा गेलेला, नवा पारदर्शक चष्मा. मला वर-खाली बघितलं.

"केस पांढरे झाले रे तुझे. मला कुणी सांगितलं नाही." मग वळून म्हणाली, "बस पाटावर. तुझ्यासाठी नाही, आईसाठी ओवाळतेय."

रांगोळी काढलेली होती. पाटही मांडलेला होता. म्हणजे वाट बघत होती! आणि बहीण वाट बघत असल्यावर माणूस काय करतो? मी वही काढली आणि तक्त्याचं पान उघडून मांडीवर ठेवलं.

ताईने कुंकू लावलं, निरांजन उचललं. एकदा ओवाळलं. दुसऱ्यांदा हात मध्येच थांबला. नव्या डोळ्याने ती माझ्या मांडीकडे निरखून बघायला लागली.

"दिन्या, तुझ्या मंगळवारातून काहीतरी चाललंय."

मी खाली बघितलं. मंगळवार, उजवा दंड, चार फोड, खाज तीव्र. तिथून एक तपकिरी ढेकूण आरामात बुधवारात शिरत होता. त्याच्यामागे वहीच्या शिवणीतून दुसरा निघाला.

मी ताडकन उठायला गेलो.

"हलू नकोस!" ताई ओरडली. "ओवाळून होऊ दे आधी."

तिने तिसऱ्यांदा ओवाळलं, अक्षता टाकल्या, तोंडात लाडू कोंबला. मग निरांजन खाली ठेवून तिथेच जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. महेश धावत आला, "आई, डोळ्यांना ताण देऊ नको!"

"अरे, हे बघायलाच केलंय ऑपरेशन!"

वही काळ्या पिशवीत घट्ट बांधली. ही नोंद सुट्या कागदावर आहे. फवारणी तीन घरांत: आमच्या, सावंतांच्या, महेशच्या. शनिवारी टेम्पो कात्रपला परत आला. मागे गादी, पुढे ताई.

मोजणी तिच्यासमोर झाली. चष्मा तिचा, आकडे मी लिहिले. ताईच्या गादीत शून्य. माझ्या वहीत एकोणीस.