पहिलीच्या रांगेत बसायचं नव्हतं म्हणून

गोरेगावच्या हायस्कूलला जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही. तोवर आम्ही मैत्रिणी जुन्या शाळेचे किस्से काढतो. त्यांचंही जीपसारखंच आहे. एकाला जागा दिली की दुसरा त्याच्या मांडीवर येऊन बसतो!

आमच्या गावच्या शाळेत पहिली आणि चौथी एकाच खोलीत, आणि दोन्हींना मिळून एकच गुरुजी. गृहपाठ पाटीवर असायचा. तो नसला तर गुरुजी मारायचे नाहीत, चौथीतून उठवून दिवसभर पहिलीच्या रांगेत बसवायचे. त्यापेक्षा छडी परवडली असती!

* * *

शिलाईवाल्या चाचांचा सलीम एकदा सातचा पाढा पस्तीसपर्यंतच लिहून आला.

"बाकीचा कुठाय?"

"शेळीनं चाटला, गुरुजी."

"आन् वरचा काहून न्हाई चाटला?"

"वरचा तिला पाठ हाय!"

सलीम पहिलीत.

* * *

पुढं तो तिथं इतका बसू लागला, की पहिलीची लेकरं गुरुजींना सोडून त्यालाच विचारायची, "सलीमभाई, पानी प्यायला जाऊ?"

तोही गुरुजींच्या आवाजात म्हणायचा, "गुमान बसा!"

* * *

एकदा घरून गोल वस्तू आणायला सांगितली होती. उषानं फडक्यातून भाकरी काढली. अर्धीच!

"ही गोल हाय का गं?"

"घरून निघाली तवा व्हती, गुरुजी."

उरलेली अर्धी तिनं पहिलीत बसून संपवली.

* * *

आता कमल. तांड्यावरून यायची. तिचा धाकटा भाऊ बबलू पहिलीतच होता. "मी तिथं बसले तर हा तांडाभर सांगत फिरंल, ताई नापास झाली म्हून!" या धास्तीनं तिचा गृहपाठ कधी चुकला नाही.

पण एका संध्याकाळी बबलूच तिच्या पाटीवर बसला. पाटीचे तुकडे! सकाळी गुरुजींनी विचारलं, "कमल, गणितं?"

"केली, गुरुजी. दारावर."

"मग दाखीव."

"दार घरी हाय."

वर्ग खो खो हसला. गुरुजी म्हणाले, "बघितल्याबिगर कसं मानू? ऊठ, पहिलीत बस."

बबलूनं तर सरकून जागाही केली! कमलचे डोळे भरले. ती उठली, पण पहिलीकडं न जाता थेट दाराबाहेर पळाली.

बऱ्याच वेळानं खिडकीतून पाहिलं, तर शेतांमधल्या पांदीतून पत्र्याचं एक दार चालत येत होतं. खाली चार पाय! पुढं कमल, मागं तिचे वडील.

त्यांनी दार फळ्याला टेकवून उभं केलं. खडूची दहाही गणितं बराबर दिसत होती.

कमलच्या वडिलांनी पटक्यानं घाम पुसला आणि म्हणाले, "गुरुजी, जरा लवकर तपासा. घर उघडं हाय!"