सोबत सुटलेला उजेड

अकोट स्टँडवरचे कंट्रोलर एसटीच्या वेळा वहीत लिहितात. कॉलेजात फिजिक्स शिकवून मी तिथूनच अमरावतीची गाडी पकडतो. एक भरलेली आणि एक रिकामी अशा दोन गाड्या सोबत सुटून मागेपुढे पोचल्या, की ते ड्रायव्हरला बोलत नाहीत. "रस्ता उखडला," एवढंच म्हणतात.

म्हणून एकदा त्यांना सांगितलं, "दूरच्या ताऱ्याच्या स्फोटातून जास्त आणि कमी ऊर्जेचा उजेड सोबत निघतो. अवकाशच बारीक खडबडीत असेल, तर तो मागेपुढे पोचेल. शास्त्रज्ञ तेच तपासतात."

"मंग?"

"अब्जावधी वर्षं चालून जवळपास सोबतच पोचला."

त्यांनी पेन खाली ठेवला. "इतक्या रस्त्यात एक बी खड्डा नाई?"

"अजून तरी सापडला नाही."

ते आभाळाकडे बघत राहिले. माझी चारची गाडी येऊन गेली. त्यांच्या वहीत ती अजूनही आलेली नाही.