खोक्याला गप्प करणारा आकडा

बाबांचे डोळे काचबिंदूने गेले, तोवर आम्ही दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून नोएडाच्या नव्या सोसायटीत आलो होतो. लिफ्ट होती, वीज अधूनमधून. उदारीकरणाची कृपा म्हणून बाबांसाठी एक परदेशी खोका मिळाला. कॉम्प्युटरला जोडला की पडद्यावरचा इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचायचा. बाबा पुन्हा आपला पेपर आपण, इंटरनेटवर, वाचू लागले. त्याआधी आई वाचून दाखवायची, पण तिला आवडेल तेवढंच: सोन्याचा भाव आणि अपघात. संसद तिने कधीच वाचली नाही.

मग कॉम्प्युटर जळाला. नवा आणला, तर खोका मुका. दोघांमध्ये दुभाष्यासारखा एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कंपनीचा ड्रायव्हर फक्त जुन्या विंडोजवर चालायचा. मी ऑफिसात दिवसभर प्रोग्रामच लिहिते, म्हटलं विंडोजऐवजी लिनक्स घालीन, त्याच्यासाठी ड्रायव्हर मीच लिहीन आणि सगळ्यांना फुकट देईन. कंपनीत जाऊन म्हटलं, कुठला आकडा पाठवला की खोका काय करतो, एवढंच मला सांगा.

कंपनीच्या गुरगावच्या काचेच्या इमारतीतला साहेब गोड हसला. "मॅडम, वो तो कॉन्फिडेन्शियल है. आप नया मॉडल ले लीजिए ना." म्हणजे मुलगी तुम्हाला दिली, पण तिची भाषा सांगणार नाही.

घरी येऊन मी तणतणले. बाबा शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. गोपनीय म्हणजे गोपनीय." म्हणणारच. केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी असताना ऑफिसच्या कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं, त्या फायलीवरही या माणसाने 'गोपनीय' शिक्का मारला होता. पण आठवडाभर सोन्याचे भाव ऐकल्यावर बाबांचं तत्त्व ढिलं पडलं. "चल, आपणच शोधू," म्हणाले.

मग दर रविवारी मी एकेक आकडा पाठवायची आणि बाबा कान देऊन सांगायचे: आवाज चढला, वेग वाढला, आता हा बाईच्या आवाजात बोलतोय. आई म्हणायची, "भूत उतरवताय का दोघं?" खोका बोलू लागला. मी ड्रायव्हर इंटरनेटवर टाकलासुद्धा. पण खोका एकदा सुरू झाला की थांबेना. कंपनीला स्वतःला गप्प बसणं इतकं छान जमतं, आणि खोक्याला गप्प कसं करायचं तेवढं सांगवत नाही. एकदा अख्ख्या शेअर बाजाराचे भाव ऐकावे लागले. वैताग नुसता.

शेवटी एका रविवारी खोका वाक्याच्या मध्येच थांबला. "आत्ता काय पाठवलंस? परत पाठव," बाबा म्हणाले. परत थांबला. बाबांचा चेहरा बघून मला रडूच आलं. गप्प करायचा आकडा सापडला, लवकरच टाकते, असं मी इंटरनेटवर कळवलं.

तर काय, गुरगावहून त्याच साहेबाचा फोन. आकडे ठाऊक असलेला माणूस अमेरिकेला गेला होता, कागद कुठे गेले कुणालाच माहीत नव्हतं, आणि एका गिऱ्हाईकाचा नवा कोरा खोका थांबत नव्हता. "मॅडम, प्लीज, वो नंबर बता दीजिए."

बाबांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी हात पुढे केला, रिसीव्हर घेतला आणि खास अंडर सेक्रेटरीच्या आवाजात म्हणाले, "वो तो कॉन्फिडेन्शियल है."

पलीकडे चिडीचूप. बाबांनी ती शांतता चवीने ऐकली. मग रिसीव्हर माझ्या हातात देत म्हणाले, "सांगून टाक त्यांना. त्या खोक्यासमोर कुणीतरी आंधळाच बसला असेल."