जागेवाल्याचा कौल

हे लिहायचे मी फार दिवस टाळले. लिहायला बसलो की आधी चष्मा पुसायचो, मग पेन बघायचो, मग वही मिटून ठेवायचो. वरवर पाहता ही एका म्हाताऱ्याने विक्रोळीतले बिऱ्हाड मोडून मालवण तालुक्यातल्या आपल्या गावी राहायला जाण्याची हकीकत आहे. पण मी गावाला निघालो होतो ते माझ्या मोठ्या भावाला, दादाला, एक गोष्ट कबूल करायला. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी मी त्याला फसवले होते आणि त्याला ते माहीत नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत आमची चाळ पाडायचे ठरले. बायको जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. मुलगा मुलुंडला दोन खोल्यांत चार माणसे घेऊन राहतो. तो म्हणाला, "बाबा, आमच्याकडे या ना, अॅडजस्ट करू." त्याने ते मनापासून म्हटले, पण बोलताना त्याची नजर खोलीच्या भिंतींवरून फिरली. मी म्हटले, "मी गावाला जातो. दादा आहे तिकडे."

जायच्या आधीच्या आठवड्यात दादाचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. फोनवर त्याचा आवाज ऐकला तर तेव्हाच तोंडातून काही निघेल किंवा कधीच निघणार नाही, अशी भीती वाटली. भेटूनच बोलू, असे ठरवले. ही चूक पुढे मला भोवली.

पहाटे चारला टेम्पो लागला. लोखंडी आरसेवाले कपाट, पलंग, शेगडी, बायकोची शिलाई मशीन आणि सहा गोणी भांडी एवढा संसार त्यात मावला. चाळीत चारच खोल्यांत माणसे उरली होती, त्यामुळे निरोप द्यायला कोणी आले नाही. खाडीकडून नेहमीचा चिखलाचा वास येत होता. खोलीला कुलूप लावले आणि मग लक्षात आले की कुलूप लावायची आता गरज नाही. तरी लावले.

टेम्पोचालक विनोद घाटकोपरचा, चाळिशीचा. बोलका माणूस. पेणला आम्ही मिसळ खाल्ली. कशेडीच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा ऊन चांगले वर आले होते.

"काका, गावाला कोण असतं?"

"मोठा भाऊ. वहिनी."

"मग काय टेन्शन? भावाकडे जाताय आणि तोंड असं का केलंय, कोर्टात निघाल्यासारखं?"

मी खिडकीतून बाहेर बघू लागलो. आता ती जुनी गोष्ट सांगायला हवी.

आमचे वडील लवकर गेले. आई, आम्ही दोघे भाऊ, दोन बैल आणि थोडी भातजमीन. विक्रोळीच्या एका कारखान्यात मामा होता. त्याचे पत्र आले की एकाला चिकटवता येईल, एकालाच पाठवा. दुसऱ्याने घरी राहणे भागच होते. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, मॅट्रिक झालेला. त्याने कणकवलीला जाऊन पँटसुद्धा शिवून आणली होती. मलाही जायचे होते. मी ते बोललो. मग आई म्हणाली, "जागेवाल्याक विचारा."

जागेवाला म्हणजे जमिनीचा राखणदार देव. आमचा शेताच्या बांधावर आहे, एक काळा पाषाण. त्याला कौल लावतात, म्हणजे फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून पाषाणावर उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतात आणि देवाला प्रश्न घालतात. जी आधी पडेल ते देवाचे उत्तर. या पाकळ्यांना आमच्याकडे कळे म्हणतात. ठरले असे की उजवा पडला तर मी मुंबईला जायचे, डावा पडला तर दादाने.

गाऱ्हाणे (देवापुढे मोठ्याने केलेली विनवणी) घालायचा मान थोरल्याचा. दादा हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला. कळे लावायचे काम माझ्याकडे आले. डावा कळा मी पाण्यात चांगला भिजवला आणि पाषाणाच्या खोबणीत अंगठ्याने दाबून बसवला. उजव्याला पाण्याचे नुसते बोट लावले आणि तो फुगीर भागावर टेकवला. दादाचे गाऱ्हाणे संपायच्या आत तो पडला.

दादाने डोळे उघडले, खाली बघितले आणि पाषाणाला नमस्कार केला. त्याच संध्याकाळी त्याने ती नवी पँट मला दिली. मला ती लांब होत होती. तीन वर्षे मी ती खाली दुमडून घातली.

दुपारी चारच्या सुमारास आम्ही गावच्या वेशीजवळ पोचलो. ओढ्यावरच्या पुलाच्या तोंडाशी एक माणूस आडवा आला.

"ओ काका, खय चाललांत? गावात जावचा नाय. पळण आसा."

विनोद म्हणाला, "काय पळण? कोण पळालं?"

"अख्खो गाव," तो माणूस म्हणाला.

मी विनोदला समजावले. आमच्या गावात तीन-चार वर्षांनी गावपळण होते. ग्रामदेवतेने कौल दिला की सगळा गाव गुरे, कोंबड्या, कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस झावळ्यांच्या झोपड्यांत राहतो. तेवढे दिवस गावात कोणी पाऊल टाकायचे नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल होतो आणि देवाने हो म्हटले की सगळे परततात. मी एवढी वर्षे मुंबईत राहिलो तरी हे मला ठाऊक होते. यंदाचा कौल झाला हे तेवढे ठाऊक नव्हते. तेच सांगायला दादाने दोनदा फोन केला होता.

"काका, वाट लागली की हो," विनोद म्हणाला. "घर समोर दिसतंय आणि सामान उतरवायचं कुठे?"

घर खरोखरच दिसत होते. ओढ्यापलीकडे, माडांच्या आडून त्याची कौले. कुठल्याच घरातून धूर निघत नव्हता. एवढ्या मोठ्या गावात एक कुत्रे भुंकत नव्हते. ज्या घरासाठी मी विक्रोळी सोडली ते घर माझ्यासमोर बंद उभे होते आणि मी रस्त्यावर.

ओढ्याच्या अलीकडे मळ्यात झोपड्यांची रांग होती. दादा काठी टेकत पुढे आला. गेल्या खेपेपेक्षा वाकला होता.

"दोनदा फोन लावलंय. उचलूक नाय तू," तो म्हणाला.

"कामात होतंय."

"रिटायर झालेल्या माणसाक कसला काम ता?" मागून वहिनी आल्या. त्यांनी टेम्पोत डोकावून बघितले. "अगो बाय! भावोजी, अख्खी विक्रोळी घेवन इल्यात? ह्यां कपाट आता खय ठेवतलांत, गोठ्यात?"

सामान शेवटी एका आंब्याखाली उतरवले. विनोदला वहिनींनी भाकरी, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. "झकास," म्हणून त्याने दुसरी भाकरी मागून घेतली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, खरं सांगू? जे काय असेल ते बोलून टाका. बारा तास बघतोय तुम्हाला." टेम्पोचा आवाज विरेपर्यंत मी उभा राहिलो. विक्रोळीशी माझा शेवटचा संबंध तेवढाच होता.

उरलेला दिवस बसण्याउठण्यात गेला. झोपडीत भात शिजत होता, बायका गाणी म्हणत होत्या, पत्ते चालले होते. सगळे मला ओळखत होते आणि मी जवळजवळ कोणालाच ओळखत नव्हतो. "मुंबैचो भाव" एवढीच माझी ओळख. दिवस मावळताना दादाची पाडी, म्हणजे लहान कालवड, माझ्या कपाटाच्या आरशात बघत उभी राहिली आणि सगळे हसले. मीही हसलो. त्याच आरशासमोर माझी बायको रोज केस विंचरायची. ते माहीत असलेले माणूस त्या मळ्यात मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा गुरे धुवायला ओढ्यावर निघाला. मी बरोबर गेलो. इथे सांगायचे, असे ठरवून गेलो होतो. मनात वाक्यही तयार होते. दादा पाण्यात उभा राहून बैलाची पाठ चोळत होता.

"दादा, तुका तो जागेवाल्याचो कौल आठवता? मी मुंबैक गेलंय तेवाचो?"

तो मान वर न करताच हसला. "न आठवाक काय झाला? पयल्या वर्साक माका लय वायट वाटलेला. मुंबैची एस्टी दिसली की तोंड फिरवन घेत होतंय. मगे आयेन सांगल्यान, देवान तुका हय ठेवल्यान ता उगीच नाय. तेच्यानंतर मन लागला."

मी काही बोलणार तोच तो पुढे म्हणाला, "बैल मेलो तेवा, आये सा वर्सां हातरुणात होती तेवा, दर वेळेक ताच आठवलंय. देवान ठेवल्यान म्हणान रवलंय. माणसान ठेवल्यान असता, तर कदीच पळान गेलो असतंय."

आणि त्याने ओल्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली.

मी पुढे बोललो नाही. नंतर मी स्वतःला बजावले की दादाचा आधार मोडू नये म्हणून मी गप्प राहिलो. वाचकांनी यावर विश्वास ठेवू नये. खरे एवढेच आहे की त्याचे बोलणे ऐकून मला सुटल्यासारखे वाटले.

तिसऱ्या दिवशी मी दोनदा त्याच्याजवळ जाऊन बसलो. एकदा त्याने मला अडकित्ता दिला, एकदा तो बसल्या बसल्या झोपला. वहिनींनी विचारले, "भावोजी, मुंबैची याद येता काय?" मी हो म्हटले.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला. ढोल वाजले आणि गुरेच आधी धावली. मागून माणसे, डोक्यावर टोपल्या, काखेत कोंबड्या. माझे कपाट बैलगाडीतून आले. घराच्या अंगणात तीन दिवसांचा पाचोळा साचला होता आणि आमच्या पावलांखाली तो वाजत होता.

दादा घरात जायच्या आधी मला बांधावर घेऊन गेला. पाषाण तसाच होता. मी म्हटले, "कळे आणू?" का म्हटले कोणास ठाऊक.

"आता कौल नको," दादा म्हणाला. "आता विचारूचा काय रवला?"

त्याने नारळ ठेवला, हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा जागेवाल्या, म्हाराजा! माझो धाकटो भाव तुझ्या पायाकडे परत इलो हा. आजपावत तेची राखण केलंस, तशीच फुडे कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला बाजूच्याने होकार द्यायचा असतो. बाजूला मी एकटाच होतो.

"व्हय म्हाराजा," मी म्हटले.

पुढे पावसाच्या तोंडावर दादा गेला, दोन दिवसांच्या तापात. त्या पाच-सहा महिन्यांत रोज आम्ही एका पडवीत जेवलो आणि रोज मी उद्यावर ढकलले. आता घरात वहिनी आणि मी. त्यांनाही सांगितलेले नाही. त्या वाचत नाहीत. मी लिहितोय ते बघून विचारतात, मी म्हणतो प्रवासाचे लिहितोय.

नीट कळे लावले असते तर देवाने कदाचित मलाच पाठवले असते. ते आता कधीच कळायचे नाही. संध्याकाळी मी बांधावर जातो. ओढ्याकाठी मनात तयार होते ते वाक्य अजून तसेच्या तसे पाठ आहे. ते इथे लिहून ठेवतो.

"दादा, तो कौल देवान देवक नाय. उजवो कळो मीच सुको लावललो. तुझी वाट मीच अडवलंय. माका माफ कर."