अदलाबदलीतला मळा

आमच्या भासऱ्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या चुलत-चुलतभावाचा, मला लग्न झाल्यापासून राग आहे आणि तो कमी व्हावा असं मला कधी वाटलं नाही. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर बाई डोक्यावर पदर घेते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. मीही ते पाळलं. काही सांगायचं असलं की ते समोर उभे असतानाच मी त्यांच्या बायकोकडे, म्हणजे जावेकडे, बघून म्हणायची, "बाई, त्यायले सांगा, तुमचे बैल आमच्या मेथीत शिरले." ते सगळं ऐकायचे आणि तिलाच म्हणायचे, "तिले सांग, कुंपण घाल." घरं शेजारीशेजारी, आणि असं आमचं वर्षानुवर्षं चाललं.

ती मेथी ज्या मळ्यात होती तो कारंज्याच्या रस्त्याला, नाल्याच्या काठावर. काळी जमीन, बारमाही विहीर. कागदावर तो भासऱ्यांचा. आणि गावाच्या वरच्या अंगाला जे बरड आहे, नुसता मुरूम, तूरसुद्धा रडतरडत येते, ते कागदावर आमचं. कसत मात्र होतो उलट. भासऱ्यांचे आणि माझ्या नवऱ्याचे आजे सख्खे भाऊ. एकाला गुरं चारायला बरड हवं होतं, दुसऱ्याला भाजीपाल्याचा नाद. तेव्हा विहीर नव्हती आणि नाल्याचा पूर शेतात शिरायचा, म्हणून मळा कोणाला फार मोलाचा वाटत नव्हता. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नारळ फोडला, गूळ वाटला, अदलाबदल झाली. तलाठ्याकडे कोणी गेलं नाही. भावाभावांत कागद करायचा म्हणजे भावावर संशय घ्यायचा, असं आमच्या भागात मानतात. त्या दोन म्हाताऱ्यांना मी नंतर मनातल्या मनात जेवढं बोलले, तेवढं भासऱ्यांनाही बोलले नसेन.

माझा नवरा इराकच्या कुर्दी भागातल्या एका विमानतळावर सामान चढवायचं-उतरवायचं काम करतो. कंपनी लहान, आसपासच्या शहरांना जाणारी, पण तिची विमानं वाढत गेली तशी माणसंही लागली. मळा मी करायची. वांगी, भेंडी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. उजाडायच्या आत तोडायचं, जीपमध्ये टाकायचं आणि बाजारात अडत्याशी भांडून परत यायचं. भांडण्यात मी पहिल्यापासून पटाईत.

नवरा फोनवर तिथल्या गोष्टी सांगायचा. त्याच्याबरोबर बॅगा ओढणारे दोघं होते, एक कुर्द आणि एक अरब. विमानतळाला मालाचं गोदाम बांधायचं ठरलं आणि एका जमिनीला भाव आला. कुर्द म्हणाला, जमीन माझ्या आजाची, जुन्या सरकारनं हिसकावली, माझ्याकडे कागद आहे. अरब म्हणाला, सरकारनं ती माझ्या बापाला दिली, एवढी वर्षं आम्ही कसली. तोवर दोघं एका ताटात जेवायचे. आता एकाच गाडीवर सामान रचताना एकमेकांकडे बघत नव्हते.

"मी मधात उभा राह्यतो," नवरा हसत सांगायचा. "दोघंही मलेच इचारते, खरं कोनाचं?"

"अरबाचं," मी म्हणाले. "जो कसते त्याचं."

तेव्हा असं बोलायला माझ्या बापाचं काय जात होतं!

मग ते वारं आमच्याकडे आलं. शेजारच्या जिल्ह्यातून विमान उडायला लागलं, तेव्हा आपल्याकडेही छोट्या विमानांसाठी धावपट्टी पाहिजे म्हणून पुढाऱ्यांची भाषणं झाली. एक दिवस मोजणीवाले आले आणि त्यांनी बरडावर लाल खुंट्या ठोकल्या. ज्या बरडात बकऱ्याही नाखुशीनं जायच्या, त्या बरडावर! मोबदला सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला मिळणार होता, म्हणजे आम्हाला. मी पेढे वाटले. भासऱ्यांच्या दारावरून मुद्दाम दोनदा गेले, आणि दार उघडं आहे हे बघूनच गेले.

दुसऱ्या दिवशी ते मळ्याच्या धुऱ्यावर येऊन उभे राहिले. सोबत जाऊ.

"तिले सांग," ते म्हणाले, "बरडात घाम मी गाळला. पैसे माहे."

मी पदर ओढला. "बाई, त्यायले सांगा, सातबारा पाहा म्हना."

"तिले सांग, मंग मळ्याचा सातबारा कोनाच्या नावाचा हाय थेही पाह्य."

"बाई, त्यायले सांगा, मळा आमी कसला. विहीर माह्या सासऱ्यानं खोदली."

जाऊ बिचारी एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होती. तेवढ्यात भासऱ्यांचा तोल गेला. ते थेट माझ्याकडे बघून ओरडले, "बरडात कागद अन् मळ्यात घाम? दोन्हीकडून तुलेच पाह्यजे काय?"

माझाही पदर खाली आला. "अन् तुमाले? बरडात घाम पाह्यजे अन् मळ्यात कागद!"

लग्नानंतर मी त्यांच्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. मला फार बरं वाटलं. जाऊ आमच्या दोघांच्या मधे उभी होती, पण तिला आता काही काम उरलं नव्हतं.

त्यानंतर कोणी मागेपुढे पाहिलं नाही. जमीन कागदावर त्यांची, म्हणून विहिरीवरच्या मोटारीचं मीटर त्यांच्या बापाच्या नावाचं होतं. त्यांनी अर्ज करून वीज तोडली. मी भाड्यानं डिझेल इंजिन आणलं आणि बरडाकडे जाणारी पांदण, ती शेतवाट, बरडाच्या तोंडाशी कागदावरच्या आमच्या हद्दीत बाभळीच्या काट्यांनी बुजवली. त्यांची कापलेली तूर तिकडेच अडकली, उंदरांनी खाल्ली. ती खबर ऐकली त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले. इंजिनाच्या धुरात, ते बंद पडलं की बादल्यांनी पाणी घालत मी वांग्याचं रान जगवलं. झाडं फळांनी वाकली, तेव्हा वाटलं, बघ म्हणावं, कागद घेऊन चाट आता.

नवऱ्याचं हसणं मात्र तिकडे बंद झालं होतं. "त्या दोघायचा पैसा कोर्टात जाऊन पडला," तो म्हणाला. "गोदाम उभं राह्यलं, इमानं वाढून राह्यली, अन् हे दोघं तसेच बॅगा उचलून राह्यले." मला वाटलं, नेहमीसारखी तिथली गोष्ट सांगतो आहे.

एका संध्याकाळी भासरे आमच्या अंगणात आले. चेहरा चक्क हसरा. "उद्यापासून मळ्यात आमी येतो," ते मलाच म्हणाले. "त्याचं अन् माहं बोलनं झालं. बरडाचे पैसे तुमाले, मळा आमाले. ज्याच्या त्याच्या कागदावर जो तो."

मी तिथेच नवऱ्याला फोन लावला.

"काहून केलं तुमी?"

"मी हितं पाह्यलं ना, भांडनात दोघंही मरते. पैसे आले का मी वापस येतो. किती वर्सं बॅगा उचलू?"

"अन् मी काय करू?"

"तुले आता कायले करा लागते? आरामात खाय."

"मले इचारलं काहून नाही?"

 तो अगदी साधेपणानं, जराही न चिडता म्हणाला, "तुह्या नावावर काय होतं इचारासाठी?"

 बरडाचा कागद नवऱ्याचा, मळ्याचा कागद भासऱ्यांचा. पीकपाहणीला तलाठी भरतो त्या पेरणाऱ्याच्या रकान्यात तरी मी असायला हवी होते, तर तिथेही नवऱ्याचंच नाव; आणि तो तर समुद्रापलीकडे लोकांच्या पेट्या उचलत होता. घाम घाम म्हणून मी गावभर ओरडले, तो घामसुद्धा त्याच्याच नावावर जमा होता. मला भासऱ्यांचा कधी आला नव्हता एवढा राग त्या फोनचा आला.

सकाळी मी विळा घेऊन मळ्यात गेले आणि वांग्याची झाडं बुडापासून कापायला सुरुवात केली. विळा जाड बुंध्यांना पुरेना, तेव्हा उपटायला लागले. अर्धं रान झालं असेल, तेव्हा जाऊ आली. टोपली घेऊन आली होती, आपल्या मळ्यातली पहिली तोडणी करायला.

"थांब वं," ती म्हणाली. "भरली झाडं हायत."

"जमीन तुमची, बाई. वांगे माहे."

तिनं टोपली खाली ठेवली. "माह्या तरी नावावर काय हाय? बरड नाही का मळा नाही. मी त एवढी वर्सं तुमचे निरोपच पोचवले."

ते खरं होतं, मला ते कळतही होतं. मी पुढच्या ओळीला लागले.