चौथी चादर

२०१६ च्या उन्हाळ्यात तलासरीजवळ एका वरातीत फटाके वाजले आणि आमचा टायगर पट्टा तोडून पळाला. तीन दिवस मी त्याचा फोटो दाखवत गावोगाव हिंडलो. चौथ्या दिवशी कळलं, वेवजीच्या एका पाड्यावर एका बाईकडे कुत्रा आलाय.

बाई साठीची, काटक. अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मी घाईघाईने मोबाईल पुढे धरला. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"फोटो कोणी पण काढतो. कुत्र्यालाच विचारू. घरामागे बांधलाय. हाक नको मारू."

तिने शेजारच्या दोघांना बोलावलं. आम्हा तिघांना भिंतीकडे तोंड करून ओळीने बसवलं, अंगावर चादरी टाकल्या आणि बजावलं, "कोणी बोलायचं नाय."

मग तिने टायगरला सोडलं. चादरीखाली मला दरदरून घाम फुटला. सहा वर्षं मी त्याचा मालक, आणि आता त्याच्या निकालाची वाट बघत होतो! त्याची पावलं माझ्या मागून पुढे गेली. थांबली. परत आली. ओलं नाक माझ्या मानेत घुसलं आणि त्याने मला आडवंच पाडलं.

त्याला मिठी मारून मी वर पाहिलं. ओळीच्या टोकाला चौथी चादर होती. तिच्यातून ती बाई उठत होती.

"मावशी, तू कशाला बसलीस?"

"तीन दिवस माझ्याकडे जेवला तो," ती चादरीची घडी घालत म्हणाली. "त्याला माझ्याकडेच राहायचं असतं तर?"