कोवे भाऊंची शेवटची रक्तपट्टी

डोळा लागतोय की उघडाच आहे, मला कळत नाही. दुपारचं जेवण झालंय, डोक्यावर पंखा कुरकुरतोय आणि मोबाइल माझ्या छातीवर उपडा पडलाय. त्यात प्रवेशाचा अर्ज उघडा आहे. आज पाचपर्यंतची मुदत. आई म्हणते, नर्सिंग टाक, नोकरी लागते. मला पब्लिक हेल्थ टाकायचंय. गावात साथ कुठून येते, कशी पसरते, कशी थांबवायची, त्याचं शिक्षण. पण बोट पुढे होत नाही. काहून होत नाही, ते फक्त मलाच माहीत आहे.

अंगणात सायकलचा स्टँड दगडावर घासतो. मी तो आवाज ओळखते. ती सायकल आम्ही केव्हाच विकली.

"घरात कोणी आहे का?"

दारात बाबा उभे आहेत. तुळशीराम कोवे, आरोग्यसेवक. आमच्या जंगलपट्टीतल्या चौदा गावांत वीस वर्षं घरोघर फिरून त्यांनी तापाची माणसं शोधली. मागच्या नोव्हेंबरात डोक्यात चढलेल्या मलेरियाने तेच गेले.

"बाबा," मी म्हणते.

ते वहीतून मान वर करत नाहीत. "माणसं किती?"

"तीन."

"मला दोनच दिसतात."

ते मला ओळखत नाहीत. परक्या घरी विचारावं तसं विचारतायत.

"ताप कोणाला?"

"कोणालाच नाही."

"खोटं नको बोलू, बाई. या घरात तापाचा माणूस होता. त्याची रक्तपट्टी कुठं गेली?"

मी मागे सरकते, तर पाठीला भिंत लागत नाही, कॉलेजच्या प्रयोगशाळेचं टेबल लागतं. टेबलावर माझी बॅग आहे. बाबा तिच्याकडे बोट दाखवतात.

"उघड."

मला उघडायची नाही. आत काय आहे, मला ठाऊक आहे. त्या दिवशी सकाळी तापात थरथरत बाबांनी स्वतःचं रक्त काचेच्या पट्टीवर घेतलं, पट्टी कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. त्यांच्याकडची झटपट तपासणीची किटं संपली होती. "दवाखाना तुझ्या कॉलेजच्या वाटेवरच आहे. जाता जाता देऊन टाक." माझं फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं, उशीर झाला होता. म्हटलं, येताना देऊ. येताना विसरले. तिसऱ्या दिवशी पट्टी बॅगेच्या तळाशी सापडली, तोवर जीप बाबांना जिल्ह्याला घेऊन गेली होती. मी ती पुलावरून नदीत टाकली. कोणाला सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही.

बॅग आपोआप उघडते. एक पट्टी निघते. मग दुसरी. मग ओंजळभर. टेबलावरून खाली पडतात, फुटत नाहीत, आणि प्रत्येकीवर आमच्या टोल्यातल्या, आमच्या वस्तीतल्या कोणाचं तरी नाव आहे.

"माझ्यानंतर कोणाकोणाला ताप आला?" बाबा विचारतात.

"माहीत नाही."

"शेजारी विचारलंस?"

"नाही. भीती वाटली."

पायांना कोमट पाणी लागतं. प्रयोगशाळा नाही, पाण्याने भरलेलं धानाचं शेत, आमची बांधी आहे, आणि चिखलात आमच्या टोल्यातली घरं उभी आहेत. सगळ्यांची दारं उघडी. सगळ्या भिंतींवर गेरूने आजची तारीख, बाबा घरभेटीची लिहायचे तशी. आत अंधार, आणि अंधारात कोणीतरी कण्हतंय.

"जा. विचार."

"मी नाही जाऊ शकत, बाबा."

ते एकटेच निघतात. मी धावून त्यांचा सदरा धरते आणि हात झटकून मागे घेते. तव्याला लागावा तसा चटका बसतो.

"तुमचं अंग तापलंय!"

तेव्हा ते वळतात. पहिल्यांदा माझ्याकडे पाहतात.

"रोशनी?"

मला रडू फुटतं. "माझ्यामुळे गेलात ना तुम्ही?"

ते नाही म्हणत नाहीत. "दोन दिवस आधी गोळ्या सुरू झाल्या असत्या तर जगलो असतो का? काय सांगू, माय. गावभर सांगत फिरायचो, ताप अंगावर काढू नका. माझी पाळी आली तेव्हा पोरीच्या हाती काच दिली आणि पांघरूण ओढून घेतलं. मीही भ्यालो होतो."

"मग मी काय करू? घेऊ पब्लिक हेल्थ?"

"माझ्यासाठी घेणार असशील तर नको. मी मेलेला माणूस, मला त्याचं काय! या दारांत जायचं असेल तर घे."

"भीती वाटते."

"मलाही रोज वाटायची. प्रत्येक उंबऱ्यावर वाटायचं, देवा, आत कोणी निपचित पडलेलं नसू दे. आणि मग हाक मारायचो."

कण्हणं जवळ येतं. एका घरातून नाही, सगळ्या घरांतून. बाबा माझा डावा हात धरतात.

"तुला ताप नाही ना? बघू दे."

बोटावर गार कापूस फिरतो. त्यांची पकड इतकी घट्ट आहे की हाडं दुखतात. मी हात ओढते, सुटत नाही.

"बाबा, सोडा!"

"हलू नको," ते म्हणतात, आणि टोचतात.

मी ओरडत उठते. चार वाजून दहा मिनिटं झालीत. आई पाखडायचं सूप हातात घेऊन दारात उभी आहे.

"काहून ओरडलीस?"

मी डावा हात समोर धरते. अनामिकेच्या टोकावर लाल ठिपका आहे. दाबते, तर रक्त येतं. खाट झटकते, चादर झटकते. ना सुई, ना खिळा, ना काटा.

आणि मग मी आईला पट्टीचं सांगते. बॅग, नदी, सगळं. सांगताना तिच्याकडे बघवत नाही.

आई सूप खाली ठेवते. ती मारेल असं वाटतं, ती मारत नाही.

"त्या सकाळी त्यांनी मलाच आधी विचारलं होतं," ती म्हणते. "म्हणे, पट्टी घेऊन दवाखान्यात जाऊन येतेस का? मी म्हटलं, धान कापायला बाया आल्यात, मला नाही जमत. आजवर कोणाजवळ बोलली नाही मी."

आम्ही दोघी खाटेवर बसून राहतो. पाचला वीस मिनिटं उरलेली असताना मी उजव्या हाताने मोबाइल उचलते आणि पब्लिक हेल्थ टाकते. आई नर्सिंगचं नाव काढत नाही. तिने माझं डावं बोट पदरात दाबून धरलंय. थांबलं का ते बघायला ती पदर उचलते, आणि रक्त पुन्हा येतं.